हाडाला ओझं लागतं

परवा दत्ताचा फोन आला. दत्ता माझा धाकटा भाऊ, फुलंब्रीला शेती बघतो. पाऊसपाणी, विहीर, पोरांच्या शाळा असं सगळं बोलून झालं आणि मग जरा थांबून तो म्हणाला, "ताई, हुरडा आलाय. कधी येतीस?" बघते, म्हटलं. मी येणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. फोन ठेवला आणि लॅबच्या कोपऱ्यातल्या त्या फिरत्या यंत्राकडे बघत बसले.

हुरड्याचे दिवस मला पूर्वी फार आवडायचे, आता आवडत नाहीत. हे एकदा सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी माझ्याकडून आगटीच्या उबेची आणि कोवळ्या ज्वारीच्या गोडव्याची वर्णनं मागणार नाही. तसा वास अजून येतोच. शहराबाहेर पडलं की रस्त्याच्या कडेला 'हुरडा पार्टी'चे फलक लागलेले असतात, गाड्या करकचून थांबतात, लोक उतरून बाजेवर बसून फोटो काढतात. गोवऱ्यांचा धूर डांबरी रस्त्यापर्यंत येतो. मी गाडीची काच वर करते. नवरा काही बोलत नाही. वीस वर्षांच्या संसारात त्याला कधी गप्प बसावं एवढं कळायला लागलंय, हेही काही कमी नाही.

मी पेशींवर काम करते. माणसाच्या हाडांच्या पेशी लहानशा बाटल्यांत वाढवायच्या आणि अंतराळात गेल्यावर त्यांचं काय होईल ते इथे जमिनीवर बसून बघायचं, असं ते काम. पाहुण्यांना हे सांगितलं की ते विचारतात, "म्हणजे तुम्ही रॉकेट बनवता?" नाही म्हटलं की त्यांचा रस संपतो. आमच्याकडे रॉकेट नाही, ते यंत्र आहे. एका चौकटीच्या आत दुसरी चौकट, दोन्ही आपापल्या आसावर संथ फिरतात आणि मधोमध ती बाटली. पृथ्वीवर राहून वजन काही घालवता येत नाही, पेशीला फसवता मात्र येतं. खाली कुठे आहे हे तिला कळेपर्यंत खालची बाजू बदललेली असते. काही वेळानं ती नाद सोडते. एरवी बाटलीच्या तळाला हातपाय पसरून घट्ट चिकटलेली असते, ती आक्रसून गोल होते. आत तिला ताणून धरणारे धागे असतात, ते सैल पडतात. हाड रचणाऱ्या पेशी रचायच्या थांबतात. हाड खाणाऱ्या पेशींचं काम मात्र सुरूच राहतं. त्यांना सुट्टी नसते.

काही वर्षांपूर्वी दिवाळीत दादा गोठ्यात घसरून पडले. दादा म्हणजे माझे वडील. उजव्या खुब्याचं हाड मोडलं. शहरात आणून शस्त्रक्रिया केली, ती चांगली झाली, आणि लिफ्ट आहे म्हणून त्यांना आमच्या फ्लॅटवर आणलं. आई आधीच गेली होती. दत्ताचं घर शेतात, तिथे धड रस्ता नाही. दुसरा उपाय नव्हता. पण लेकीच्या घरी येऊन पडणं दादांना पचत नव्हतं. माझ्या लग्नानंतर इतक्या वर्षांत ते आमच्याकडे कधी मुक्कामाला राहिले नव्हते. आले की चहा घ्यायचे, उंबऱ्याशी घुटमळायचे आणि शेवटच्या गाडीच्या आधीच्या गाडीनं परत जायचे. आता तेच दादा माझ्या घरच्या पलंगावर माझ्या हातचं खात होते, आणि मला बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागू नये म्हणून पाणीच कमी पीत होते. तांब्या भरलेला तसाच दिसायचा. विचारलं की म्हणायचे, "थंडीचं तहान नाय लागत गं."

डॉक्टरांनी पहिल्या दिवशीच बजावलं होतं: आजोबांना उभं करा. दुखेल, ओरडतील, तरी उभं करा. मला तर ते सांगायचीही गरज नव्हती. अंतराळात गेलेल्या माणसांचं हाड पहिल्यांदा झिजतं ते खुब्याचं आणि पायांचं, कारण तिथे पायांना कामच उरत नाही. माणूस पलंगावर पडून राहिला तर त्याचंही तेच होतं. इतकं तेच, की अंतराळाचा अभ्यास करायला धडधाकट माणसांना महिनोन्महिने पलंगावर झोपवून ठेवतात. हे सगळं मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवत आले होते. आता माझ्याच घरातल्या मधल्या खोलीत ते घडत होतं आणि मला झोप लागत नव्हती.

दादांची एकच इच्छा होती. हुरड्याला शेतात जायचं, आणि ते आपल्या पायानं. बांधापासून आगटीपर्यंत कुणी उचलून न्यायचं नाही. "तेवढं झालं की बास," म्हणायचे. मग उभे राहा म्हटलं की भिंतीकडे तोंड करायचे.

आणि भेटायला येणारे लोक! आमच्याकडे आजारी माणसाला भेटायला जाणं हे मोठं कर्तव्य आहे आणि आमची भावकी कर्तव्यात कुठे कमी पडत नाही. फुलंब्रीहून रोज कुणी ना कुणी यायचं. बिस्किटाचे पुडे, संत्री, शहाळी. पलंगाभोवती खुर्च्या मांडून बसायचे. दादा जरा हलले की सगळे एकदम हात पुढे करायचे. "पडा, पडा दादा. उठू नका. आम्ही काय परकं हाव का?" मी मोठ्या मिनतवारीनं दादांना पलंगाच्या कडेला बसवून ठेवलेलं असायचं, आणि कुणीतरी चुलता प्रेमानं त्यांचे पाय उचलून परत पलंगावर ठेवायचा. वर पांघरूण घालायचा. एकदा मी चिडून म्हटलं, "काका, त्यांना बसू द्या हो, हाडं झिजतील." काका हसले. "बापाला तरास देऊ नको पोरी. जलमभर राबलं हे हाड. आता आराम करू दे की."

त्यांच्या मायेबद्दल मला शंका नव्हती. चाळीस वर्षं ज्यानं नांगर धरला त्याला त्यांना विसावा द्यायचा होता. पण त्या मायेचा मला संताप यायचा, अजूनही येतो. दत्ताही त्यांच्यातलाच. तो आला की बापाला लहान पोरासारखं दोन्ही हातांवर उचलून बाथरूममध्ये न्यायचा. वॉकर दाराआड उभाच. मी ओरडले तर म्हणाला, "तो धडपडायलाय आन् मी बघत बसू व्हय? माझ्यानं नाय व्हायचं ताई." त्याचे डोळे भरलेले होते.

दुपारी पाहुणे नसले की दादा माझ्या कामाबद्दल विचारायचे. घरच्या कुणी कधी विचारलं नव्हतं इतकं बारकाईनं. मी फोनवर त्यांना अंतराळातून परतलेल्या माणसांची चित्रफीत दाखवली. यानाच्या कुपीतून एकेकाला बाहेर काढतात, खुर्चीत बसवतात आणि खुर्चीसकट उचलून नेतात. हात हलवून हसणारी तरणीताठी माणसं, पण पायावर उभी नाहीत.

"काय झालं त्यान्ला? मार लागला?"

"नाही दादा. वर वजन नसतं ना. पायांना सवय राहत नाही."

त्यांनी ती चित्रफीत पुन्हा लावायला सांगितली. मग म्हणाले, "मला बी असंच काढलं तुम्ही लिफ्टातून." आणि हसले. त्या आजारपणातलं ते त्यांचं पहिलं हसू असावं.

मी सांगितलं की आमचं यंत्र मुळात झाडांसाठी निघालं होतं. मोड आलेलं बी त्यात लावून फिरवत ठेवलं तर मुळाला खालची दिशा सापडत नाही, ते वाटेल तिकडे भटकतं. दादांचा चेहरा उतरला. ज्वारीचा दाणा कसाही पडो, मूळ मातीत आणि कोंब वर, हे त्यांनी आयुष्यभर गृहीत धरलेलं. "असं नका करू," ते म्हणाले. "दाण्याला काय करायचंय वर जाऊन?" मी म्हटलं, आम्ही दाण्यांवर करत नाही. "मग मानसाच्या हाडावर करता." हो, म्हटलं.

त्याच दिवसांत माझा दुसरा प्रयोग चालू होता, किरणांचा. वर नुसतं वजन जात नाही, किरणांचा माराही असतो. दूर कुठेतरी तारे फुटतात, त्यांचे कण अफाट वेगानं येतात आणि पेशीच्या आरपार जातात. आपल्या डोक्यावर हवेचं जाड पांघरूण आहे, पृथ्वीचं चुंबकत्व आहे, म्हणून आपल्याला त्याचं काही वाटत नाही. तसे कण आम्हाला इथे मिळत नाहीत. मी आपली एका दवाखान्यातले रुग्ण संपले की थर्मोकोलच्या डब्यात बाटल्या घेऊन जायची, तिथल्या किरणोपचाराच्या यंत्राखाली ठेवायची आणि डबा मांडीवर धरून रिक्षानं परत यायची. किरणांनी पेशीच्या गाभ्यातला डीएनएचा धागा तुटतो. पेशी तो सांधायला धावते. कधी नीट सांधते, कधी चुकीची टोकं जोडून बसते. वजन नसेल तर ही डागडुजी आणखी बिघडते की काय, हे आम्ही शोधत होतो. अजून नक्की सांगता येत नाही.

मला त्यातली एक गोष्ट तेव्हा नुसती माहीत होती, पुढे ती कळली. मार बसलेली पेशी लगेच मरत नाही. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर अगदी धडधाकट दिसते. खाते, श्वास घेते, आपल्या जागी बसून असते. मग एक दिवस तिची दुभंगून दोन व्हायची वेळ येते, रोजचंच काम, आणि त्या कामात ती कोसळते.

मार्गशीर्ष अर्धा झाला होता. दादांच्या मांड्या माझ्या मनगटांसारख्या दिसायला लागल्या होत्या. आणि एका सकाळी न कळवता माझ्या सासूबाई आल्या.

सासूबाई तेव्हा जुन्या शहरात, शहागंजात थोरल्या दिरांकडे राहायच्या. माझं आणि त्यांचं फार सख्य नव्हतं. मुलगा लॅबमधल्या बाईच्या नादी लागून सिडकोत गेला, हे त्यांनी मला पुरतं माफ केलं नव्हतं. पोळ्या जाड होतात इथपासून ते 'दिवसभर बाटल्या हलवते' इथपर्यंत माझ्याबद्दल त्यांच्याकडे पुष्कळ होतं. त्या चपला काढून थेट मधल्या खोलीच्या दारात गेल्या. "काय दादा, तबियत कशी आहे?"

दादांनी मान वळवली आणि दारात विहीणबाई दिसल्या. मुलीचा बाप विहिणीसमोर पडून राहत नाही. त्यांनी तोंडातून शब्द न काढता पांघरूण बाजूला सारलं, पाय खाली सोडले, पलंगाची कड धरली आणि उभे राहिले. थरथरत, ओठ आवळून, टोपी नीट करत. एवढे दिवस मला, डॉक्टरांना आणि माझ्या सगळ्या शास्त्राला मिळून जे जमलं नाही, ते त्या बाईच्या नुसत्या येण्यानं झालं. "या विहीणबाई," ते म्हणाले. "बसा."

मला वाटलं, आता या म्हणणार, पडा दादा, उठू नका. त्या तसं म्हणाल्या नाहीत. बसल्याही नाहीत. भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं, पुढचं पान उलटलं, संकष्टी कधी आहे ते मोठ्यानं वाचलं, खिडकीतून खालच्या भाजीवाल्याला बघून कोथिंबिरीचा भाव काय असेल यावर बोलल्या. दादांचे पाय लटपटायला लागले तेव्हा कुठे खुर्ची ओढून टेकल्या. त्या बसल्या तसे दादाही बसले.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. तिसऱ्या दिवशीही. शहागंजातून रिक्षा करून, दुखरे गुडघे घेऊन रोज सकाळी. स्वयंपाकघरात मला म्हणाल्या, "मी बसले की ते बसतात. म्हणून मी बसतच नाही. तू खुर्ची पुढं करू नकोस, काय?" लग्नानंतर पहिल्यांदा मला त्या बाईच्या पाया पडावंसं वाटलं. दादा आता त्यांची वाट बघायचे. सकाळीच दाढी करून, टोपी घालून तयार. एका सकाळी तर विहीणबाईंना दारापर्यंत पोचवायला वॉकर घेऊन चार पावलं गेले. त्या दिवशी दत्ताला फोन करून म्हणाले, "ज्वारी चिकात आली का रं? मी येतो बघ."

पुढचं लिहायला मी इतका वेळ टाळाटाळ करते आहे.

पौष लागला होता. सासूबाई दारात आल्या, "काय दादा?" म्हणाल्या, दादा उठायला लागले. अजून पुरते उभेही नव्हते. सुकी काटकी मोडावी तसा आवाज मी स्वयंपाकघरात ऐकला. डावी मांडी. डॉक्टरांनी एक्स-रे दाखवून सांगितलं की ते पडले म्हणून हाड मोडलं नाही, हाड मोडलं म्हणून ते पडले. आधीच ठिसूळ झालेलं, त्यात ते पडून राहणं. उशीर झाला होता. पुन्हा शस्त्रक्रिया झेपणार नव्हती. मग छातीत कफ झाला, ताप चढला आणि दादा गेले. शेवटच्या दिवसांत दत्ता दवाखान्यात हुरडा घेऊन आला होता, कापडी पिशवीत, चटणीसकट. दादांनी एक दाणा जिभेवर ठेवून घेतला. चावता आला नाही.

मी रडले नाही. दिवसकार्य झालं, मी लॅबमध्ये गेले, पेशींचं खाद्य बदललं, विद्यार्थ्यांच्या चुका काढल्या. सगळे म्हणाले, सावरली. उन्हाळ्यात एकदा शेजारणीनं चहाला बोलावलं. मी तिच्या दारात चप्पल काढली आणि ती म्हातारी बाई माझ्यासाठी खुर्चीतून उठली. मी तिथेच उंबऱ्यावर बसून हमसाहमशी रडले. तिला बिचारीला वाटलं, तिचंच काही चुकलं.

सासूबाईंनी मात्र आमच्याकडे येणं सोडलं. लग्नाकार्याला जाणंही सोडलं. तिथे लोक त्यांना बघून उठतात. कुणी उठायला लागलं की त्या घाबऱ्या होऊन दोन्ही हात पुढे करायच्या. "बसा, बसा, खुदाके वास्ते बसा." जुन्या शहरात जन्म गेला, घाबरल्या की अशा बोलतात. मी दोनदा शहागंजात जाऊन त्यांना समजावलं. हाड आतून पोकळ झालं होतं, ते कुशीवर वळतानाही मोडलं असतं, तुम्ही आलात म्हणून ते चार पावलं तरी चालले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तू शिकलेली आहेस. तू सांगणारच. पण मी दारात गेले नसते तर?"

याचं उत्तर माझ्या लॅबमध्ये नाही. बाटलीतल्या पेशींचा एक गट मी फिरवते, दुसरा तसाच टेबलावर ठेवते आणि दोन्ही ताडून बघते. दादा एकच होते.

यंदा पावसाळ्याच्या शेवटी सासूबाईंना ताप आला. सांधे धरले. शहागंजातल्या घराला अवघड जिना, म्हणून त्यांना आमच्याकडे आणलं. मधली खोली, तोच पलंग. ताप कधीच गेला, डॉक्टर म्हणाले काही मोडलेलं नाही, चाला. त्या चालत नाहीत. मी चिडते, समजावते, वॉकर पुढे करते. त्या भिंतीकडे तोंड करतात. एकदा म्हणाल्या, "कुणासाठी उठू?" मुलासाठी उठा, म्हटलं. "तो काय पाहुणा आहे?" रोज सकाळी त्यांचे पाय चोळताना माझ्या बोटांना हाड लागतं आणि मला धडकी भरते. ज्यांच्याशी माझं कधी पटलं नाही, त्या बाईच्या हाडांसाठी मी रात्र रात्र जागते आहे. त्या जाऊ नयेत असं मला वाटतं. फार वाटतं.

मी येत नाही म्हटल्यावर दत्ताच काल आला, हुरड्याची पिशवी घेऊन. मी दारातच त्याच्याकडे बघत राहिले. टक्कल पडतंय म्हणून तो हल्ली टोपी घालायला लागलाय. "मावशी कुठंयत?" म्हणाला आणि मधल्या खोलीच्या दारात जाऊन उभा राहिला. "काय मावशी, तब्येत कशीय?"

सासूबाईंनी मान वळवली. मुलाची आई सुनेच्या भावासाठी उठत नाही, उलट त्यानं वाकायचं असतं. त्या त्याच्याकडे बघत होत्या, त्याच्या टोपीकडे, हातातल्या पिशवीकडे. मग त्यांनी पांघरूण बाजूला सारलं. पाय खाली सोडले. पलंगाची कड धरली.

दत्ताच्या हातातली पिशवी खाली पडणार होती. "पडा, पडा मावशी," म्हणत तो पुढे व्हायला लागला, तशी मी मागून त्याचं मनगट धरलं.

सासूबाई उभ्या होत्या. गुडघे लटपटत होते, डोळ्यांतून पाणी गळत होतं, एका हातानं पदर सारखा करत होत्या. "या," त्या दत्ताला म्हणाल्या. "बसा."

खुर्ची त्याच्या शेजारीच होती. त्यानं माझ्याकडे बघितलं.

"बसू नकोस," मी म्हटलं. "कॅलेंडर बघ. काहीतरी बोल."